संरक्षित समुद्रात भूशास्त्रज्ञाचं काय काम?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सागरी संरक्षित क्षेत्र म्हणजे मासे, प्रवाळ, देवमासे जपण्यासाठी राखून ठेवलेला समुद्र. मग त्याची आखणी करताना तळाचा खडक, गाळ, उतार यांचा एवढा विचार कशासाठी? जीव तर पाण्यात राहतात, आणि पाणी सगळीकडे सारखंच.

पाणी सगळीकडे सारखं नसतं, आणि ते तसं नसण्यामागे बऱ्याचदा तळच असतो. मी सागरी भूशास्त्रज्ञ आहे. तळाचे नकाशे करणं, गाळाचे नमुने काढणं आणि जीवशास्त्रज्ञांच्या शेजारी बसून तळाचं चित्रण तासन्‌तास पाहणं यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून पक्कं झालेलं मत आधीच सांगते. एखादं संरक्षित क्षेत्र किती चौरस किलोमीटरचं आहे, याला मी फारसं महत्त्व देत नाही. त्याच्या हद्दीत कोणकोणत्या प्रकारचा तळ आला आहे आणि त्या तळाला हात लावायची मुभा कोणाला आहे, हे मी आधी विचारते.

सुरुवात वाळूच्या कणापासून करू. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यासमोर स्टेलवॅगन बँक नावाचं एक उथळ पठार पाण्याखाली आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी वाहून आणलेली वाळू आणि गोटे साचून ते तयार झालं. 1992 पासून तो भाग राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे. दर उन्हाळ्यात तिथे हंपबॅक देवमासे पोट भरायला येतात आणि त्यांना पाहायला लोक बोटी भरभरून जातात. पण देवमासे नेमके तिथेच का येतात, याचं उत्तर वाळूत आहे. सँड लान्स नावाचा पेन्सिलीसारखा सडपातळ, चंदेरी मासा तिथे थव्यांनी राहतो. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तशी याला नसते. पोहणं थांबलं की तो खाली जातो. त्यामुळे विसावा घ्यायचा असो की शत्रूपासून लपायचं असो, तो डोकं खुपसून वाळूत घुसतो. आत असताना श्वास घ्यायचा तो कणांच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातूनच. कण फार बारीक असले तर फटी बुजतात आणि कल्ल्यांत चिखल बसतो. खडे-गोटे असले तर घुसताच येत नाही. त्याला लागते ती पाव ते दोन मिलिमीटर कणांची, चिखल जवळजवळ नसलेली वाळू. ती त्या पठारावर आहे, म्हणून सँड लान्स आहेत, आणि ते आहेत म्हणून देवमासे आहेत. काही हंपबॅक तर तळाशी जाऊन कुशीवर वळतात आणि वाळूतले मासे उठवतात. त्यांच्या जबड्यांवर तळ घासल्याचे ओरखडे दिसतात.

तळाचा नमुना काढायला आमच्याकडे ग्रॅब असतो. लोखंडी जबड्यासारखं हे साधन तळाला टेकलं की मिटतं. वर आल्यावर ते उघडलं की पहिलं काम हाताचं. चिमूटभर गाळ अंगठा आणि तर्जनीत चोळायचा. खरखरीत लागला तर वाळू. मऊ लागला तर आणखी एक जुनी परीक्षा आहे, कणभर गाळ दातांखाली धरायचा. कचकच लागली तर पोयटा, काहीच लागलं नाही तर चिकणमाती. चाळण्या आणि यंत्रं नंतर प्रयोगशाळेत असतातच, पण पहिली नोंद डेकवर होते. एका सर्वेक्षणात असाच ग्रॅब उघडला आणि जाड वाळूच्या ढिगातून चंदेरी शेपूट वळवळत बाहेर आलं. शेजारच्या जीवशास्त्रज्ञ मुलीने तिच्या वहीत माशाचं नाव लिहिलं, मी माझ्या वहीत लिहिलं ‘जाड वाळू, चिखल नाही’. संध्याकाळी दोन्ही वह्या जुळवल्या, तर ज्या-ज्या ठिकाणी तिच्याकडे तो मासा होता, त्या प्रत्येक ठिकाणी माझ्याकडे तीच वाळू होती.

चिकटून राहणाऱ्या जीवांची गरज वेगळी असते. प्रवाळ, स्पंज, समुद्रपंखे एकदा बसले की जन्मभर तिथेच. त्यांची अळी पाण्याबरोबर वाहत येते आणि तिला टेकायला बहुतेक वेळा काहीतरी घट्ट लागतं. समुद्रतळाचा बहुतांश भाग मात्र मऊ आहे. नद्यांचा गाळ, वाऱ्याने उडत आलेली धूळ, मेलेल्या प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची) कवचं यांचे थरांवर थर बसलेले असतात. घट्ट जागा कुठे उरली असेल हे शोधण्यासाठी भूशास्त्र लागतं. गाळ ठरणार नाही इतका उभा उतार असतो तिथे, प्रवाह तळ झाडून नेतो तिथे, लाव्हा गोठलेला असतो तिथे, वितळणाऱ्या हिमनगाने पोटातले धोंडे खाली टाकले असतात तिथे. मिथेन झिरपतो अशा जागी सूक्ष्मजीव तो वापरतात आणि त्या क्रियेत चुनखडीचे कठीण पापुद्रे तयार होतात. मिथेन आटला तरी ते दगड राहतात आणि पुढे त्यांच्यावर प्रवाळ वस्ती करतात.

यातलं मला सगळ्यात प्रिय उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं आहे. 1987 मध्ये कॅनडाच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाला हेकेट सामुद्रधुनी आणि क्वीन शार्लट साउंड या भागात काचस्पंजांचे रीफ, म्हणजे त्यांच्याच सांगाड्यांनी तळावर बांधलेले उंचवटे, सापडले. काचस्पंज म्हणजे ज्यांचा सांगाडा सिलिकाचा असतो, म्हणजे जवळजवळ काचेचाच, असे स्पंज. जुरासिक काळात त्यांनी युरोपच्या तेव्हाच्या समुद्रात प्रचंड रीफ बांधले होते. त्यांचे जीवाश्म माहीत होते, पण असे रीफ आज कुठे जिवंत असतील असं कोणाला वाटलं नव्हतं. इथे ते जिवंत निघाले, सुमारे नऊ हजार वर्षं वाढत असलेले आणि काही ठिकाणी वीस मीटरहून उंच. पण ते नेमके तिथेच का?

हिमयुग सरताना त्या समुद्रात हिमनग तरंगत होते. त्यांची बुडं तळाला टेकली आणि नांगरासारखी ओढली गेली. शेतात नांगराच्या तासाच्या दोन्ही कडांना ढेकळं वर येतात, तसे इथे तळातले दगड-गोटे वर आले. बारीक गाळ प्रवाहाने धुऊन नेला आणि गोट्यांचे बांध उघडे राहिले. स्पंजांच्या अळ्यांना टेकायला हीच जागा मिळाली. पहिली पिढी मेली तरी तिचा काचेचा सांगाडा उभा राहिला, त्यात गाळ अडकून तो बळकट झाला, त्यावर दुसरी पिढी बसली. गोट्यांवर सुरू झालेली वस्ती पुढे स्वतःच्याच पूर्वजांच्या सांगाड्यांवर चढत गेली. आज त्या रीफांच्या आडोशाला रॉकफिश, कोळंबी, खेकडे राहतात. हे क्षेत्र 2017 मध्ये संरक्षित झालं.

इथे एक नाजूक बाब आहे. काचस्पंज पाणी सतत आत ओढून गाळतात आणि त्यातले जीवाणू खातात. पाण्यात गाळ वाढला की ते पाणी ओढणं थांबवतात, म्हणजे खाणंही थांबतं. त्यामुळे ट्रॉलरचं, म्हणजे तळावरून जाळं ओढणाऱ्या बोटीचं, जाळं थेट रीफवरून गेलं नाही, शेजारच्या चिखलावरून गेलं, तरी उडालेला गाळ प्रवाहाबरोबर रीफवर येतो. नकाशावर रीफच्या कडेला चिकटवून हद्द आखणं म्हणूनच पुरत नाही. शेजारचा तळ कशाचा आहे आणि प्रवाह कुठल्या बाजूने येतो, हे पाहून मधे अंतर सोडावं लागतं.

मेक्सिकोच्या आखातातलं फ्लॉवर गार्डन बँक्स हे अभयारण्य तर मिठाच्या जोरावर उभं आहे. तिथला किनाऱ्याजवळचा समुद्र गाळाने गढूळ असतो आणि तळही चिखलाचा. उथळ पाण्यातल्या प्रवाळांना प्रकाश लागतो, स्वच्छ पाणी लागतं, खडक लागतो. यातलं काहीच तिथे मिळू नये. पण जुरासिक काळात त्या जागी समुद्र आटून मिठाचे जाड थर साचले होते. पुढे त्यांच्यावर कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ बसला. मीठ त्या गाळापेक्षा हलकं असतं आणि दाबाखाली घट्ट पिठासारखं सरकतं. जिथे वाट मिळाली तिथे ते घुमटासारखं वर आलं आणि वरचा तळ त्याने उचलून धरला. भोवतालचा तळ शंभर मीटर किंवा त्याहून खोल असताना या घुमटांचे माथे पृष्ठभागाखाली सतरा-अठरा मीटरवर आले, गढूळ थराच्या वर आणि उजेडात. किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून दूर, भर समुद्रात, तिथे प्रवाळ बहरले आहेत. त्यातल्या पूर्वेकडच्या घुमटाच्या कडेला आजही दाट खारं पाणी झिरपतं. खालचं मीठ विरघळत असल्याची ती खूण आहे. त्या बिनऑक्सिजनच्या पाण्यात सल्फाइडवर जगणाऱ्या जीवाणूंचा पांढरट थर असतो. प्रवाळांच्या माथ्यापासून पन्नासेक मीटर खाली गेलं की इतकं वेगळं जग सुरू होतं, आणि दोन्ही त्याच मिठाची देणगी.

हे अभयारण्य 1992 मध्ये जाहीर झालं आणि 2021 मध्ये सुमारे 145 वरून सुमारे 415 चौरस किलोमीटरपर्यंत वाढवलं गेलं. वाढवताना एकच मोठा चौकोन आखला नाही. आजूबाजूचे आणखी चौदा उंचवटे घेतले आणि एकेकट्या किंवा जवळजवळच्या उंचवट्यांभोवती, त्यांच्या आकाराला धरून स्वतंत्र हद्दी आखल्या. चारशे चौरस किलोमीटर हा आकडा लहान वाटेल. पण त्यात जवळपास सगळा कामाचा तळ आहे. हजारो चौरस किलोमीटरचा एकसारखा चिखल घेऊन क्षेत्रफळाचा मोठा आकडा दाखवण्यापेक्षा हे मला कितीतरी अधिक प्रामाणिक काम वाटतं. (चिखल निकामी असतो असं मी म्हणत नाही. त्यातही किडे, शिंपले, समुद्रकाकड्या भरपूर असतात आणि तोही राखायलाच हवा. पण तो राखल्याने प्रवाळ राखले जात नाहीत.)

खडक म्हटला की तो कोणता, हेही विचारायला हवं. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ पाण्याखाली कुठे ग्रॅनाइटजातीचा खडक आहे, तर कुठे ठिसूळ शेल, म्हणजे चिखल दाबला जाऊन बनलेला खडक. ग्रॅनाइटला सांधे, म्हणजे नैसर्गिक भेगा, असतात. त्या सांध्यांवर तो फुटतो आणि मोठमोठे धोंडे, खोल कपारी तयार होतात. रॉकफिश अशाच कपारींत राहतात. केल्प या प्रचंड समुद्रशेवाळाची पकडही ग्रॅनाइटवर टिकते. मऊ खडकावर मात्र वादळात केल्प कधीकधी पायाखालच्या दगडाच्या तुकड्यासकट उपटून निघतो. पण त्याच मऊपणाचा फायदा दुसऱ्याच कोणाला होतो. काही शिंपले शेलमध्ये कवचाने घासत-घासत बीळ कोरतात आणि आयुष्यभर त्यात राहतात. शिंपला मेला की बीळ रिकामं होतं आणि त्यात लहान खेकडे, छोटे मासे येतात. शेलचा एखादा तुकडा हातात घेऊन पाहिला तर तो पोखरलेल्या लाकडासारखा दिसतो आणि जवळजवळ प्रत्येक भोकात कोणीतरी असतं. खडक बदलला की भाडेकरू बदलतात.

मॉन्टेरे उपसागरात पाण्याखाली एक घळई आहे. ती अक्षरशः बंदराच्या तोंडापासून सुरू होते आणि साडेतीन किलोमीटरहून अधिक खोलीपर्यंत उतरते. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर इतकं खोल पाणी मिळत असल्याने खोल समुद्रातले जीव आणि किनाऱ्याचे जीव तिथे शेजारी नांदतात. या घळईच्या तळावरून अधूनमधून गाळ आणि पाण्याचे लोट धावतात. 2015 ते 2017 या काळात संशोधकांनी तिथे यंत्रं ठेवून ते मोजले. काही लोटांचा वेग सेकंदाला सात मीटरहून जास्त निघाला आणि शेकडो किलो वजनाच्या यंत्रचौकटी काही किलोमीटर खाली वाहून गेल्या. असा तळ वारंवार खरवडला जातो, तिथे सावकाश वाढणारं काही टिकत नाही. पण बाजूच्या उभ्या भिंतींवर, लोटाच्या माऱ्याच्या वर, स्पंज आणि प्रवाळ लगडलेले असतात. घळई एकच, पण तळ आणि भिंत यांच्यात काळाचं गणितच वेगळं.

सागरी पर्वतांबद्दल एक समजूत दुरुस्त करावीशी वाटते. पर्वताला आपटून खोलातलं पोषक पाणी वर येतं, त्यावर प्लवक वाढतात आणि म्हणून मासे जमतात, असं सरसकट सांगितलं जातं. काही ठिकाणी तसं होतंही. पण अनेक पर्वतांवर दुसरी कारणं जास्त वजनदार असतात. प्राणिप्लवक रात्री वर येतात आणि पहाटे खोलात उतरतात. रात्रीतून प्रवाहाने त्यांना उथळ माथ्यावर आणलं असेल, तर पहाटे उतरताना ते माथ्याला अडतात आणि उजेडात सापडतात. माशांना आयतं ताट मिळतं. शिवाय कडेला आणि सोंडेवर, म्हणजे पर्वतापासून बाहेर निघालेल्या अरुंद धारेवर, प्रवाहाचा वेग वाढतो. जागेवरून न हलणाऱ्या प्रवाळाला दर तासाला जास्त पाणी, म्हणजे जास्त अन्न मिळतं. त्यामुळे खोल पर्वतांच्या चित्रणात मोठी प्रवाळझाडं सोंडांच्या धारेवर रांगेने दिसतात आणि सपाट, गाळ साचलेल्या खोलगटात नाहीशी होतात. नकाशात सोंड दिसली की कॅमेरा आधी तिथे उतरवावा हे आम्ही त्यावरूनच शिकलो.

आता नकाशांबद्दल, कारण हद्दी त्यांच्यावरच ठरतात. मल्टिबीम सोनार जहाजाखाली पंख्यासारखे शेकडो ध्वनिझोत सोडतो. परत येणाऱ्या ध्वनीच्या वेळेवरून खोली कळते, तीव्रतेवरून तळ कडक की मऊ याचा अंदाज येतो. पण एक अंशाचा झोत 50 मीटर खोलीवर मीटरभराहून कमी जागा पाहतो आणि तीन हजार मीटरवर तोच पन्नासेक मीटर जागेची सरासरी देतो. एवढ्या जागेत अख्खी प्रवाळवस्ती लपून जाते. शिवाय तीव्र प्रतिध्वनी आला म्हणजे खडकच असेल असं नाही, शिंपल्यांचा थरही तसाच दिसतो. म्हणून ग्रॅब आणि कॅमेरा उतरवल्याशिवाय नकाशा पुरा मानू नये. आणि खडक सापडला तरी तिथे प्राणवायू, तापमान, अन्न जुळलं नाही तर प्रवाळ नसतात, हेही मोकळेपणाने सांगते. 2025 च्या मध्यापर्यंत जगाच्या समुद्रतळाचा सुमारे 27 टक्केच भाग आधुनिक पद्धतीने मोजला गेला होता.

तरीही आखणीसाठी तळ हाच सर्वांत भरवशाचा आधार आहे, कारण सगळ्या जीवांची मोजदाद कधीच होत नाही. ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरियर रीफचे विभाग 2004 मध्ये नव्याने ठरवले, तेव्हा तळ, खोली, गाळ आणि त्यावरचे जीव पाहून 70 जैवप्रदेश मानले. त्यातले 30 रीफचे होते आणि 40 रीफबाहेरचे. प्रत्येकातला ठरावीक वाटा पूर्ण राखायचा असं ठरलं. मासेमारीबंद भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो 33 टक्क्यांवर गेला. लोकांचं लक्ष रीफवर असतं. इथे वाळू आणि चिखलालाही वाटा मिळाला, हे मला या कामातलं मोठं शहाणपण वाटतं.

मासे कमी झाले तर राखणीने पुन्हा वाढू शकतात. तळाचं तसं नाही. स्कॉटलंडच्या वायव्येला सुमारे हजार मीटर खोलीवर डार्विन माउंड्स नावाचे वाळूचे छोटे उंचवटे आहेत. ते 1998 मध्ये सापडले, त्यांवर थंड पाण्यातले प्रवाळ होते. 2003 मध्ये तिथे तळ खरवडणारं ट्रॉलिंग बंद झालं, पण तोवर पूर्वेकडचा भाग ट्रॉलरांनी बराच मोडला होता. आठ वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा न मोडलेला पश्चिमेकडचा भाग चांगला होता, पूर्वेकडे मात्र प्रवाळ सावरल्याच्या खुणा जवळजवळ नव्हत्या. अशी चित्रं पडद्यावर पाहताना खोलीत कोणी बोलत नाही. वाळूवर समांतर चर आणि मधे पांढरे तुकडे एवढंच दिसत राहतं. त्यामुळे बंदी कधी येते याला बंदी येण्याइतकंच महत्त्व आहे. तळावर काय आहे ते कळेपर्यंत थांबू, हा युक्तिवाद बैठकांत अजूनही ऐकू येतो आणि मी दरवेळी त्याला विरोध करते.

त्यासाठी माझ्याकडे डेव्हिडसन सागरी पर्वताचं उदाहरण असतं. कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यापासून सुमारे 130 किलोमीटरवरचा हा विझलेला ज्वालामुखी पायथ्यापासून 2280 मीटर उंच आहे, तरी त्याचा माथा पाण्याखाली 1250 मीटरवर राहतो. 2008 मध्ये तो मॉन्टेरेच्या सागरी अभयारण्यात जोडला गेला, मुख्यतः त्याच्या सोंडांवरच्या प्रचंड प्रवाळांसाठी आणि स्पंजांसाठी. हद्द पर्वतापुरती न ठेवता भोवतालचा तळही घेतला होता. 2018 मध्ये त्याच्या पायथ्याजवळच्या एका लहान टेकाडापाशी, सुमारे 3200 मीटर खोलीवर, कॅमेऱ्यात ऑक्टोपसच्या माद्या दिसल्या. एक-दोन नव्हे, पुढच्या पाहण्यांत जवळपास सहा हजार मोजल्या गेल्या. सगळ्या खडकांच्या फटींत पाय उलटे गुंडाळून अंडी उबवत बसलेल्या. भोवतालचं पाणी 1.6 अंश सेल्सियस, पण त्या फटींतून झिरपणारं पाणी 11 अंशांपर्यंत ऊबदार होतं. जुन्या लाव्हाच्या भेगांतून समुद्राचं पाणी आत मुरतं, खाली तापतं आणि इथे बाहेर पडतं. त्या उबेत अंडी साधारण पावणेदोन वर्षांत फुटतात. तिथल्या नेहमीच्या थंडीत पाच वर्षांहून अधिक लागली असती. हद्द आखली तेव्हा या माद्यांबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं. हद्दीत घेतला होता तो खडक.